सापडलेली कुत्री परत देत नाहीत, काय करावं?

प्रश्न : दिवाळीत फटाक्यांना घाबरून आमची लॅब्रेडोर कुत्री फाटकातून पळाली. फोटो आणि १०,००० रुपये बक्षिसाची पत्रकं परिसरात लावली होती. दोन महिन्यांनी ती शेजारच्या सोसायटीत दिसली. तिथले गृहस्थ म्हणतात, 'उपचारांवर १४,००० रुपये घातलेत, आता ती आमची.' पोलिसांनी नुसती एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. (एक वाचक, पुणे)

उत्तर : कुत्री तुमचीच आहे. कायद्याच्या लेखी पाळीव प्राणी ही जंगम मालमत्ता. ती हरवली म्हणून तुमची मालकी जात नाही आणि दुसऱ्याने खर्च केला म्हणून त्याला ती मिळत नाही.

अडचण वेगळीच आहे, आणि ती तुमच्या पत्रकातून आली आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६८ नुसार जाहीर केलेलं बक्षीस मिळेपर्यंत सापडलेली वस्तू अडवून ठेवता येते. स्वखुशीने केलेल्या खर्चासाठी दावा लावता येत नाही, पण त्यासाठीही वस्तू अडवता येते. म्हणून आधी पैसे पुढे करा. मनाला पटणार नाही, पण एकदा पैसे देऊ केले की अडवून ठेवायला त्यांच्याकडे कारण उरत नाही.

वकिलामार्फत स्पीड पोस्टने पोचपावतीसह नोटीस पाठवा. बक्षीस आणि बिलांप्रमाणे वाजवी खर्च द्यायला तयार आहोत, बिलांच्या प्रती द्या, सात दिवसांत कुत्री ताब्यात द्या, असं स्पष्ट लिहा. ती बिलं नीट वाचा. पहिल्या बिलावरची तारीख, तिचं वय, 'सापडलेली' असा एखादा शेरा हे सगळं तुमच्याच बाजूचा पुरावा ठरतं.

पोलिसांचं चुकलं नाही. मालक कळत असूनही वस्तू पचवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खालचा गुन्हा (सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड), पण तो अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तो आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ खाली मागता येतो, मात्र नोटीस धुडकावल्यानंतर अर्ज केलात तर वजन येतं.

खरी वाट दिवाणी न्यायालयाची : विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३, कलम ७ व ८ खाली कुत्री परत मिळवण्याचा दावा. कुत्री कुणाकडे आहे हे कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. दाव्यासोबतच, निकालापर्यंत कुत्री विकू वा हलवू नये म्हणून मनाई हुकूम मागा आणि पशुवैद्यकासमोर मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) तपासण्याचा अर्ज द्या. चिपचा पंधरा अंकी नंबर अजून ब्रीडरच्याच नावावर असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आणि पैसे दिल्याचा बँक उतारा जोडा. लसीकरणाचं पुस्तक, महापालिकेचा परवाना, तारखेचे जुने फोटोही लावा.

फाटकातून आत शिरून तिला उचलून मात्र आणू नका; फिर्यादीचे आरोपी व्हाल.

ती परत आली की चिपची नोंद तुमच्या नावावर आणि चालू मोबाइलवर करून घ्या. चिपमध्ये जीपीएस नसतं, जवळ स्कॅनर धरला तरच ती नंबर दाखवते. त्यामुळे गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला हवाच. आणि पुढच्या वेळी पत्रकात बक्षिसाचा आकडा छापू नका.