मशीन नंतर, आधी पन्नास पुडे

ताई, हळद पावडर करून विकायचा तुमचा विचार चांगला आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (त्या भागाचा खास माल म्हणून सरकारी ओळख) मिळालंय, म्हणजे नाव आधीच मोठं आहे. पण लगेच दळणयंत्र घेऊ नका. मी घेतलं होतं. वर्षभर हप्ते भरले आणि यंत्रावर सासूबाईंनी पापड वाळवले!

सुरुवातीला गिरणीतून दळून आणा, पन्नास पुडे विका. हळद, काळा मसाला, शेवया सगळं एकदम नको. एकच माल, पण दर वेळी तोच रंग, तोच वास.

सगळ्यात जास्त चुका दरात होतात. हळकुंडं, दळणावळ, पिशवी, लेबल, दळताना येणारी घट, एसटीचं भाडं हे सगळं धरा. आणि स्वतःची मजुरी! आपण बायका ती हमखास विसरतो, मग "धंदा चालतोय पण हातात काही राहत नाही" म्हणतो.

आता एवढंच करा:
- बँकेत धंद्याचं खातं वेगळं. भिशी त्यातून भरायची नाही.
- एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेचं सरकारी खातं) नोंदणी विक्रीआधीच.
- उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका.
- उधारी पाहुण्यांनाही नाही. (हे सगळ्यात अवघड, माहितीये.)

कर्जाचं नंतर बघू. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत विनातारण मिळतं, पण तीन महिन्यांचा हिशेब वहीत असल्याशिवाय अर्ज करू नका. जीएसटी, ऑनलाइन विक्री, निर्यात यांचं आत्ता नावही नको.

पहिले पन्नास गेले की त्यातल्या किती जणींनी परत मागितले, तेवढं कळवा.