खिशातल्या कीबोर्डवर इनस्क्रिप्ट

प्रश्न : हातात मावणाऱ्या लिनक्स संगणकाच्या कीबोर्डवर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळ-मांडणी, मराठीसाठी हवी आहे. कळा उचकटून त्यांच्या जागा बदलू का?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : मुळीच नको. कळ हलवली तरी तिच्याखालचा संपर्क जुनंच अक्षर पाठवतो, आणि उचकटताना कळेच्या बारीक खिट्या मोडतात. बदल एक्सकेबीच्या, म्हणजे कोणत्या कळेने कोणतं अक्षर उमटावं हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेच्या, मांडणी-फाइलमध्ये करायचा. मात्र मूळ फाइलची वेगळ्या नावाने प्रत करून बदल त्या प्रतीतच करा, नाहीतर पुढच्या अपडेटमध्ये सगळं पुसलं जाईल.

खरी अडचण पुढे आहे. इनस्क्रिप्टमध्ये च, ट, ड, य अनुक्रमे अर्धविराम, अवतरणचिन्ह, डावा चौकटी कंस आणि तिरकी रेघ या कळांवर असतात. छोट्या कीबोर्डवर यांतल्या काही कळा नसतातच. य सतत लागतो, त्याला स्वतंत्र कळ द्याच: झेडवरचा ऱ्हस्व ए मराठीला लागत नाही, तिथे य बसवा. च, ट, ड तिसऱ्या स्तरावर, म्हणजे उजव्या ऑल्टसोबत अनुक्रमे ज, त, द यांच्या कळांवर ठेवा. शिफ्ट जोडली की छ, ठ, ढ. त, द या दंत्यांखाली ट, ड हे मूर्धन्य, आणि तालव्य ज खाली तालव्यच च, म्हणून बोटांना लवकर आठवतं. यासाठी एफएन (Fn) कळ वापरू नका. ती बहुधा कीबोर्डच्या आतच हाताळली जाते, लिनक्सपर्यंत पोहोचत नाही.

कळांवर नवी अक्षरं दिसावीत म्हणून स्टिकर लावा; त्यांसाठी पारदर्शक फिल्मवर उलटी छपाई करा, म्हणजे शाई खालच्या बाजूला राहून झिजत नाही. स्टिकर कळेपेक्षा चारही बाजूंनी १ मिमी लहान कापा. खाऱ्या दमट हवेत कडा आधी सुटतात, म्हणून संगणक बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने कळा पुसून, पूर्ण वाळल्यावरच चिकटवा. हे काम पावसाळ्याआधी उरका.