जुबाची नोकरी घेण्याआधी: पगार कोणत्या ग्रँटमधून येतो ते विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओझर-पिंपळगाव पट्ट्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग आणि रीफर (शीत) कंटेनरचं काम आठ वर्षं केलंय, आणि दक्षिण सुदानात आरोग्य-पोषणाचं काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेकडून जुबात सप्लाय मॅनेजरचा १२ महिन्यांचा करार आलाय. मुलाखतीत त्यांनीच सांगितलं, की नऊपैकी चार केंद्रं बंद होतायत आणि पाच चालू राहतील. अशा वेळी नाशिक सोडावं का?

सोडायला हरकत नाही. मात्र संस्था किती मोठी, वेबसाइट किती चकचकीत, यावरून काही ठरवू नका. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, चार दिवसांत कामबंदीचे आदेश निघाले आणि १ जुलैला ही मदत वाटणारं यूएसएड हे खातंच मिटलं. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगभरासाठीचं आवाहन ४४ अब्ज डॉलरवरून २९ अब्जांवर आणलं आणि ११.४ कोटी लोकांपुरतं मर्यादित केलं. हे दुखणं एकट्या अमेरिकेमुळेही नाही. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्येच सुमारे १८०० पदं कमी केली होती. तेव्हा ‘आमची संस्था पन्नास वर्षं जुनी आहे’ याला उत्तर म्हणून काही किंमत नाही.

पाहायचं ते बजेट. एनजीओत पगार संस्था देते असं वाटतं, प्रत्यक्षात तो तीन-चार ग्रँटमध्ये, म्हणजे देणगीदारांनी (डोनर) ठराविक कामासाठी ठराविक मुदतीपुरत्या दिलेल्या निधीत, वाटलेला असतो: समजा ४० टक्के एका सरकारी डोनरकडून, ३५ दुसऱ्याकडून, उरलेला संस्थेच्या स्वतःच्या पैशातून. दर महिन्याला टाइमशीट त्याच प्रमाणात भरावी लागते. चाळीसवाली ग्रँट मार्चमध्ये संपली आणि नवी आली नाही, तर करार डिसेंबरपर्यंतचा असूनही पद अडचणीत येतं. म्हणून एचआरला ईमेलवर, लेखी, चार गोष्टी विचारा: माझं पद कोणकोणत्या ग्रँटवर किती टक्के आहे? प्रत्येक ग्रँटची शेवटची तारीख काय? ग्रँट मध्येच रद्द झाली तर नोटीस किती आणि भरपाई किती? परतीचं तिकीट आणि सामानाचा खर्च तेव्हाही संस्थेचाच का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘गोपनीय’ असं उत्तर आलं तर फारसं मनावर घेऊ नका, पुन्हा विचारा. तिसऱ्याला गोलमोल उत्तर आलं तर मात्र सही करू नका. ‘नो-कॉस्ट एक्स्टेन्शन मिळेल’ या आश्वासनाचा अर्थही समजून घ्या. त्यात मुदत वाढते, पैसे वाढत नाहीत.

आता कामाचं. पदाच्या नावात ‘सप्लाय’ असलं तरी पहिले सहा महिने अर्धा वेळ बंद करण्यातच जाणार, हे गृहीत धरा. चार केंद्रं बंद करायची म्हणजे प्रत्येक फ्रीज, जनरेटर, लँडक्रूझर यांची सिरियल नंबरनिशी यादी करायची, ती कोणत्या डोनरच्या पैशातून घेतली ते जुळवायचं आणि कोणाला द्यायची याची लेखी परवानगी मिळवायची. गाडी इकडची, बिल तिकडच्या ग्रँटचं, असं हमखास निघतं. परवानगीआधी वस्तू दिली तर तो खर्च डोनर नामंजूर करतो आणि संस्थेला तो खिशातून भरावा लागतो. औषधांचंही तसंच. दान देताना माल पोचेल तेव्हा किमान १२ महिने मुदत शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. तेव्हा शेवटच्या महिन्यात उरलेल्या गोळ्या सरकारी दवाखान्यात ओतून मोकळं व्हायचं, हे चालत नाही. साठा तीन महिने आधीच चालू राहणाऱ्या पाच केंद्रांकडे वळवायला घ्या. मेपासून ऑक्टोबरपर्यंत पावसात बहुतेक रस्ते बंद असतात, त्यामुळे वर्षाचा माल डिसेंबर ते एप्रिलमध्येच पोचवावा लागतो. बंद करण्याची तारीख जुलैची असेल तर तिथला माल परत आणायला रस्ताच नाही. मग हवाई वाहतूक करायची आणि तिचा खर्च मालापेक्षा जास्त.

स्थानिक लोकांना, पुरवठादारांना आणि स्थानिक कर्मचाऱ्यांना शेवटच्या आठवड्यात सांगणं ही सगळ्यात महागडी चूक. घरमालक गेट लावून घेतो, ट्रकवाला उधारीसाठी गाडी अडवतो, काढलेले पहारेकरी कुंपणाबाहेर बसतात. पैसे हातात असतानाच थकबाकी चुकती करा.

तुमच्या शीतसाखळीच्या अनुभवाला इथे किंमत आहे, पण एक सवय मोडावी लागेल. द्राक्षाला शून्याच्या आसपास ठेवलं की टिकतं. लस २ ते ८ अंशांतच ठेवायची, आणि पेंटाव्हॅलंट किंवा हिपॅटायटिस बी गोठली की संपली. कुपीवरचा व्हीव्हीएम, म्हणजे वर्तुळातला तो छोटा चौकोन, फक्त उष्णता सांगतो. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकायची. गोठलेल्या कुपीवर मात्र तो पांढराशुभ्रच राहतो. ते ओळखायला शेक टेस्ट: त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपीसोबत हलवायची आणि शेजारी शेजारी ठेवायची. संशयित कुपीतला गाळही तितक्याच लवकर खाली बसला तर लस बाद. कंटेनरवाल्याचा हात थर्मोस्टॅट खाली ओढायलाच शिवशिवतो, म्हणून हे आधी.

पोषणाचा माल सोपा, पण वजनदार. शेंगदाण्याच्या उपचार-पेस्टचं पाकीट ९२ ग्रॅमचं, सुमारे ५०० कॅलरींचं. खोक्यात १५० पाकिटं, आणि तीव्र कुपोषित मुलाच्या पूर्ण उपचाराला साधारण एक खोकं लागतं. ४०० मुलं म्हणजे साडेपाच टनांवर माल. पाच केंद्रांवर जवळच्या बंद केंद्रांची मुलंही येणार, त्यामुळे मागच्या वर्षीच्या आकड्यांवर मागणी काढलीत तर दोन महिन्यांत गोदाम रिकामं. सुदानमधलं युद्ध १५ एप्रिल २०२३ ला सुरू झाल्यापासून दहा लाखांहून जास्त लोक सीमा ओलांडून दक्षिणेत आलेत, हेही त्या हिशोबात धरा.

सुरक्षिततेबद्दल संस्थेला स्पष्ट विचारा: गोळीबार सुरू झाला तर कोणाला, कुठे, कोण हलवतं? मे २०२५ मध्ये दक्षिण सुदानातल्याच ओल्ड फंगाकमधलं एमएसएफचं (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) हॉस्पिटल बॉम्बहल्ल्यात सापडलं. म्हणजे लाल-पांढरा झेंडा म्हणजे कवच नव्हे. जुबात पोचल्यावर भारतीय दूतावासात नोंदणी करा. जुलै २०१६ मध्ये ‘संकटमोचन’ मोहिमेत हवाई दलाच्या विमानांनी इथून भारतीयांना नेलं, तेव्हा अशी नोंद कामी आली. करारात ‘कुठेही बदली’ असं कलम असेल तर येमेन वगळून घ्या. भारत सरकारने २०१७ पासून भारतीयांच्या तिथल्या प्रवासावर बंदी घातलीय. मेडिकल इव्हॅक्युएशनचं कव्हर आणि त्यात युद्धजोखीम आहे का, हे पॉलिसीच्या कागदावर बघा, एचआरच्या तोंडी नको. तुमच्या घरच्या मुदत विम्याच्या अपघात रायडरमध्ये युद्ध बहुधा वगळलेलंच असतं.

नाशिकमधली तयारी. पोलीस क्लिअरन्स नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रातूनच होईल. पीतज्वराची लस मुंबई किंवा पुण्याच्या अधिकृत केंद्रात घ्या. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते हरवलं तर भारतात परत येताना सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात, म्हणून मूळ प्रत पासपोर्टच्याच पाकिटात.

कराचं गणित मात्र बारकाईने करा, कारण घोटाळा इथेच होतो. नोकरीसाठी बाहेर जाणारा त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर अनिवासी. जुलैअखेर निघालात तर १२२ दिवस भरलेले असतात. करार मध्येच तुटून १५ जानेवारीला घरी आलात तर आणखी ७६ धरून १९८ होतात. मग जुबातला सगळा पगार भारतात करपात्र. रजेला नाशिकला आलात तर ते दिवसही यातच मोजले जातात. (संयुक्त राष्ट्रांचा पगार करमुक्त असतो, त्यावरून एनजीओचाही असेल असं समजू नका.) बचत खातं एनआरओ (अनिवासीचं, भारतातल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्या, पगार एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीच्या) खात्यात मागवा, आणि घराचा हप्ता सहा महिने पगाराशिवाय चालेल एवढे पैसे आधी बाजूला ठेवा.

डॉलर रोख नेताना नव्या छापाच्या, न दुमडलेल्या नोटा न्या. जुन्या छापाच्या किंवा शाईचा डाग असलेल्या घेत नाहीत. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिन घेत असाल तर परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवा. आणि नाशिकला आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘आफ्रिकेतून आलोय’ हेच सांगा, नाहीतर ते आधी डेंग्यू शोधतील आणि फाल्सिपेरम या जीवघेण्या मलेरियाला तेवढा वेळ पुरतो.