फॉरवर्ड करायच्या आधी उतारा बघ

शहापूर, बेळगाव

पोरी,

तुझी प्लॉटची रील बघितली. तीनदा बघितली, पहिल्यांदा आवाज बंद होता, दुसऱ्यांदा चष्मा सापडला नव्हता. तू लिहिलंस की अकरा हजार लोकांनी बघितली, पण साईट बघायला दोघेच आले, आणि त्यातला एक माझाच भाचा निघाला. 'काका, चुकतंय कुठं?' असं विचारलंस. फोनवर मी फार फाटे फोडतो, म्हणून लिहून पाठवतोय.

रीलमध्ये तसं वाईट काही नाही. प्लॉटपेक्षा गाणं जास्त आहे, एवढंच. आणि शेवटी ते 'लिमिटेड साईट्स, हरी अप' कशाला? वडगावात जमिनीच्या व्यवहारात कुणी घाई केलेली मी तरी आजवर बघितली नाही. इथं घरातली थोरली आत्या हो म्हणेपर्यंत विसारसुद्धा देत नाहीत.

मी या जमीन-घरांच्या दलालीच्या धंद्यात आलो १९९३ ला. तेव्हा ओळखी कशा करायच्या ते सांगतो, कारण त्याशिवाय आता काय बदललंय ते कळायचं नाही. गल्लीतला इस्त्रीवाला हा माझा पहिला माणूस. कुठल्या घरातले कपडे येणं बंद झालं, म्हणजे कोण बदली होऊन निघालंय, हे त्याला मालकाच्या आधी कळायचं. मग पेपर टाकणारी पोरं, गवंडी, सबरजिस्ट्रार कचेरीच्या बाहेर बसून दस्त लिहून देणारा बॉन्ड रायटर. 'तरुण भारत'मधल्या छोट्या जाहिराती सकाळी पेनानं गोल करून ठेवायच्या आणि दुपारपर्यंत सायकलवरून चार घरं गाठायची.

आणि आमचं खरं भांडवल काय होतं? लपवणं. मालकाचं नाव गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, गिऱ्हाइकाचं मालकाला नाही. अनगोळच्या एका प्लॉटला मी पार्टीला स्कूटरवरून एवढं फिरवून नेलं होतं, की त्यानं शेवटी विचारलं, आपण खानापूरला चाललोय का? उद्या स्वतःच्या स्वतः परत येऊ नये, एवढाच हेतू. आज हसू येतं, पण निम्मा धंदा त्याच्यावर चालायचा.

ते संपलं. तू फोटो टाकलास, की मागं दिसणाऱ्या देवळाच्या कळसावरून माणूस जागा ओळखतो. लोकेशन पाठवलंस, की तो तुझ्याआधी तिथं उभा. 'दिशांक' ॲप उघडून उभ्या जागेवरचा सर्व्हे नंबर काढतो, 'भूमी' या सरकारी पोर्टलवर जाऊन आरटीसी, म्हणजे आपला सातबारासारखा उतारा, बघतो, मालकाचं नाव त्याच्या हातात. आता लपवायला तुझ्याकडं काय उरलं? मग त्यानं तुला पैसे कशाचे द्यायचे, हा प्रश्न रील काढायच्या आधी स्वतःला विचार. मला त्याचं उत्तर महागात पडून मिळालंय, म्हणून सांगतो.

२०१९ ची गोष्ट. आमच्या एजंट लोकांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एका लेआउटचा फोटो आला. हायवेच्या पलीकडं, रंगीत नकाशा, कडेनं नारळाची झाडं काढलेली, रेट स्वस्त. मी तो पुढं पाच-सहा ठिकाणी ढकलला. त्यात कमिशन वगैरे काही ठरलेलं नव्हतं. आपलं एक, कुणाला उपयोग होईल म्हणून. लष्कराच्या मराठा सेंटरमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे. त्यांनी त्यातले दोन प्लॉट घेतले, मला न विचारता. जागा निघाली शेतीची. एन.ए. म्हणजे बिगरशेतीचा हुकूम नाही, मोजणीचा ११ई नकाशा नाही, बुडाची, म्हणजे शहर विकास प्राधिकरणाची, मंजुरी नाही. नुसते गुंठे पाडून बॉन्डवर विकलेले. खाता, म्हणजे मालमत्तेची नोंद, नावावर होईना, घराला परवानगी मिळेना.

एके दिवशी सकाळी ते माझ्या दारात. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही. खुर्चीत बसले, मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. "हे तुमच्या नंबरवरून आलंय की नाही?" वर बारीक अक्षरात 'फॉरवर्डेड' लिहिलेलं होतं. ते त्यांनी वाचलं नव्हतं. माझं नाव वाचलं होतं.

पुढची दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर हेलपाटे घातले. निम्मे पैसे निघाले, निम्मे गेले. ते अजून लग्नाकार्यात भेटतात, बोलतात, पण चहाला थांबत नाहीत.

तोंडी सांगितलेलं हवेत विरतं, म्हणून आमची पिढी बिनधास्त बोलायची. तुझं प्रत्येक स्टेटस, प्रत्येक फॉरवर्ड कुणाच्या तरी मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट होऊन पडून असतं. म्हणजे फॉरवर्ड करणं ही जामीनकी आहे, समज. जामीन राहायच्या आधी आपण माणूस बघतो. इथं उतारा बघायचा. आरटीसी, ईसी म्हणजे बोजा आहे का ते सांगणारा दाखला, एन.ए.चा हुकूम, मंजूर नकाशा, ई-खाता, पंचायतीच्या हद्दीत असेल तर मालमत्तेचे उतारे फॉर्म ९ आणि ११. एवढं बघून टाकलेल्या दहा पोस्टी वर्षभरात झाल्या, तरी पुरे. मग लोक म्हणतात, तिच्या पेजवर आलंय ना, मग कागद बघितले असतील. पैसे त्याचे मिळतात.

कायदाही तेच म्हणतो, पण ते थोडक्यात सांगतो, कारण तू परीक्षेला बसल्यासारखी पाठ करशील. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे घर-प्लॉटच्या विक्रीवर नजर ठेवणाऱ्या कायद्यात, जाहिरात म्हणजे कुठल्याही माध्यमातली जाहिरात. रील आणि स्टेटस त्यातून सुटत नाहीत. जागा ५०० चौरस मीटरच्या वर असेल, तर लेआउटवाल्याला नोंदणीशिवाय जाहिरात करता येत नाही, आणि तसले प्लॉट विकून द्यायचे तर एजंट म्हणून तुझीही नोंदणी लागते. नाहीतर दिवसाला १० हजार दंड, वाढत वाढत किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. नोंदणीचा नंबर काढून घे आणि प्रत्येक पोस्टच्या खाली टाक. 'काढू की पुढच्या महिन्यात' हे तू मला दोनदा सांगून झालंय.

आता ग्रुपांबद्दल. व्हॉट्सअपच्या ग्रुपात १,०२४ माणसं मावतात आणि तू असल्या अकरा ग्रुपांत आहेस, हे तू मोठ्या अभिमानानं सांगितलंस. मागच्या साली मी अनगोळचा एक ३० बाय ४० चा प्लॉट ४२ लाखाला एकाच ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी तोच प्लॉट फिरून माझ्याकडं आला, ४८ लाखाला, 'डायरेक्ट ओनर' म्हणून. फोटोत माझीच स्कूटर उभी. मी त्या नंबरवर फोन लावला, तर पलीकडचा पोरगा मलाच सांगतोय, मालक माझे मामा आहेत, बैठकीला बसलात की दोन लाख कमी करून देतो. मधे कितीजण होते, देव जाणे. असल्या साखळीत व्यवहार झालाच, तर कमिशनच्या दिवशी सात हात पुढं येतात.

म्हणून लोकेशन पाठवायच्या आधी समोरच्या एजंटाकडून मेसेजमध्ये लिहून घे: पार्टी कुणाची, वाटा किती. दोनच ओळी. त्यात रागावण्यासारखं काही नाही, आणि जो रागावेल त्याच्याबरोबर काम करू नकोस.

त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट कर. २५६ माणसं मावतात, आणि ज्यानं तुझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. हीच त्यातली मजा. अकरा हजारांपैकी कितीजणांनी तुझा नंबर सेव्ह केलाय, ते मला सांग. माझ्या लिस्टमध्ये १८० जण आहेत. त्यात चंदगडकडचे मास्तर आहेत, पोरांच्या शिक्षणासाठी बेळगावात घर बघणारे. गोव्याची चार-पाच माणसं आहेत, चोर्ला घाटातून शनिवारी येणारी. लष्करातले आहेत, सुट्टी मिळाली की एका आठवड्यात सगळं उरकायचं असणारे. प्रत्येकाला काय पाहिजे ते मला माहीत आहे, म्हणून महिन्यात दोनच मेसेज टाकतो आणि लोक ते वाचतात. 'शुभ सकाळ'वाल्यांची लिस्ट वेगळी, ती तुझ्या काकूकडं.

मी मोबाईलच्या विरोधात आहे असं समजू नकोस. तुला वाटवे वाड्याची... नाही, नाव नको. जुन्या शहापुरातल्या एका वाड्याची गोष्ट सांगतो. उतारा कन्नडात, मधली कागदं मराठीत, कारण १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात. आणि सगळ्यात तळाला एक वाटणीपत्र मोडीत. मालकालाही वाचता येईना, मलाही नाही. शेवटी फेसबुकवर इतिहासाची आवड असणाऱ्या मंडळींचा एक ग्रुप आहे, तिथं मी एवढंच लिहिलं की मोडी वाचणारं कुणी आहे का. कागदाचा फोटो टाकला नाही; दुसऱ्याचा कागद चव्हाट्यावर मांडू नये. त्याच संध्याकाळी कोल्हापूरच्या एका निवृत्त बाईंचा मेसेज आला. त्यांना खाजगीत फोटो पाठवला. रात्री साडेनऊला त्यांनी वाचून सांगितलं: परसातल्या विहिरीत शेजारच्या घराचा चौथा हिस्सा आहे. शेजाऱ्यांना बोलावलं, सही घेतली, मग खरेदीखत. नाहीतर नवा मालक विहीर बुजवायला गेला असता आणि कोर्टात पोचला असता. ३० वर्षांच्या धंद्यात इस्त्रीवाल्याकडून जे मिळालं नसतं, ते एका संध्याकाळीत मिळालं. त्या बाईंना मी अजून प्रत्यक्ष बघितलेलं नाही. दर दिवाळीला कुंदा पाठवतो.

कन्नडचं तुला आधीही बोललोय. आरटीसी वाचण्यापुरतं तरी शिक. शिवाय गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडची माणसं बेळगावात घर घेतात, आणि तुझ्या पोस्टी सगळ्या मराठीत. एखादी कन्नड बोलणारी मैत्रीण या धंद्यात जोड. तिच्या पार्टीला तू शहापूर-वडगाव दाखव, तुझ्या पार्टीला ती तिकडचं. ऑफिसच्या पाटीवर ६० टक्के कन्नड सरकारनं सांगितलं म्हणून लिहिलं. मोबाईलवर दोन ओळी गिऱ्हाइकासाठी लिहायला काय जातंय? आणि १ नोव्हेंबरला प्लॉटच्या पेजवर काही टाकू नकोस. सीमाभागातल्या काळ्या दिनाच्या फेरीला मी दरवर्षी जातो, काळा शर्ट अजून कपाटात आहे. तूही ये. पण ते पायांनी करायचं काम आहे, साईटच्या फोटोखाली नाही.

रील काढायचीच, तर जुलैत काढ. जानेवारीत सगळेच प्लॉट देखणे दिसतात. छत्री घेऊन जा आणि पाणी कुठं साचतंय ते दाखव. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला असेल तर तेही दाखव. माती लाल की काळी ते हातात घेऊन दाखव. काळ्या मातीत पायाचा खर्च वाढतो, हे घर बांधणाऱ्याला माहीत असतं आणि सांगणारा एजंट त्याला भेटलेला नसतो. वरून हायटेन्शनची तार जात असेल तर कॅमेरा वर कर. आणि किंमत लिही. 'प्राईस इनबॉक्स' वाचलं की माझ्यासारखा माणूस तिथंच पुढं सरकतो. मालकाची परवानगी मात्र आधी घे. घर विकायला काढलंय हे भावकीला रीलवरून कळलं, तर ते पाप तुझ्या डोक्यावर.

एक शेवटचं, आणि हे ऐकायचंच. इन्स्टावर मेसेज करून 'आत्ता साईट दाखवता का' म्हणणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर एकटी जाऊ नकोस. आधी ऑफिसात बोलाव, चहा पाज, नाव-गाव विचार. जाताना माझ्या पोराला बरोबर ने आणि लाईव्ह लोकेशन मला आठ तासांचं टाकून ठेव. पार्टी गेली तर जाऊ दे.

तुला एजंटांच्या त्या मोठ्या ग्रुपात घ्यायला तू मला सांगितलं होतंस. अजून घेतलं नाही, घेईन पावसाळ्यानंतर. त्याऐवजी सोमवारी सकाळी दहाला खडेबाजारच्या कोपऱ्यावर ये. वडगावात एका आजींना घर विकायचंय. त्यांच्याकडं मोबाईल नाही, त्यांच्या दारात गेल्याशिवाय त्या भेटत नाहीत. कागद ट्रंकेत आहेत आणि ट्रंकेची किल्ली कुठं आहे ते त्यांना आठवत नाही. दुपार जाईल. डबा आण, आणि मापाची टेप आण. माझी भाच्यानं नेलीय.

तुझा,
काका