पट्टी बदलण्याआधी भिंत बघा

प्रश्न : आमचं घर नारायण पेठेत आहे. माझ्या आजेसासऱ्यांनी १९३६ साली बांधलेलं. सगळ्या दारांना चौकटीभोवती साडेतीन इंची नक्षीची लाकडी पट्टी आहे आणि बैठकीच्या खोलीत फोटो टांगायची पट्टी चारी भिंतींवर फिरते. ऑइलपेंटचे थर किती चढलेत त्याची गणती नाही. तळमजल्यावरच्या तीन दारांच्या पट्ट्या जमिनीपासून फूटभर मऊ पडल्या आहेत. कंत्राटदार म्हणतो, घरातल्या सगळ्याच काढून तयार एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) बसवू, चार दिवसांचं काम. सासूबाई म्हणतात, पानशेतचं पाणी प्यायलेलं लाकूड आहे, त्याला हात लावू नका. घरात सहा वर्षांची मुलगी आहे. काय करावं?
— एक वाचक, नारायण पेठ

उत्तर : ताई, तुमच्या सासूबाईंच्या एका वाक्यात अर्धं उत्तर आलं आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात नारायण पेठेत पाणी शिरलं. त्या पुरात भिजलेल्या चौकटी मी स्वतः दुरुस्त केल्या आहेत. पाणी ओसरलं, दारं-खिडक्या उघड्या राहिल्या, लाकूड हळूहळू वाळलं आणि पुढे साठ वर्षं टिकलं. मग आता, पूर नसताना, तेच लाकूड खालून का कुजतंय? एकदा भिजून वाळण्याने साग मरत नाही. कायम ओल्या भिंतीला टेकून राहिला की मात्र खचतो.

म्हणून पट्टीचा विचार मागे ठेवा, आधी भिंत बघा. त्या तीन दारांजवळ गेल्या दहा-पंधरा वर्षांत न्हाणीघर नवं केलंय का? नळ भिंतीत गाडलेत का? जुन्या चुन्याच्या गिलाव्यावर खाली दोन-तीन फूट सिमेंटचा गिलावा मारलाय का? माझा अंदाज या शेवटच्या गोष्टीवर आहे. तुमच्या घराच्या वयाच्या विटांच्या भिंती बहुतेक चुन्यातल्या असतात. जमिनीची ओल त्या वर ओढतात आणि चुन्यातून ती उडून जाते. वर सिमेंट लिंपलं की ओल आत कोंडते आणि जिथे वाट मिळेल तिथे, म्हणजे लाकडात, शिरते. ही चूक मी स्वतः केली आहे. धंद्यात नवा असताना सदाशिव पेठेतल्या एका घरी कुजलेली पट्टी काढून मागची पोकळी सिमेंटने गच्च भरली आणि वर नवी कोरी सागाची पट्टी ठोकली. तीन पावसाळ्यांत ती जुनीपेक्षा वाईट झाली. त्या घरच्या आजी मला काही बोलल्या नाहीत, पण ते काम मी पदरचे पैसे घालून पुन्हा केलं. तेव्हा गळती असेल तर ती काढा, दाराच्या दोन्ही बाजूंचं सिमेंट फोडून तिथे चुन्याचा गिलावा करा आणि पूर्ण एक उन्हाळा भिंत वाळू द्या. तोवर पट्टी नसलेलं दार ओकंबोकं दिसेल, दिसू दे.

आता लाकूड. दाराच्या फळीची वरची कड पाहा; तिथे सहसा रंगाऱ्याचा ब्रश पोचलेला नसतो. पटाशीने नखाएवढं खरवडा. आत सोनेरी-तपकिरी रंग निघाला, बोटाला किंचित तेलकट लागलं आणि चामड्यासारखा वास आला, तर साग. पट्टीही त्याच लाकडाची आहे ना, ते तिच्या मागच्या अंगाला असंच तपासा. मग पटाशीच्या मुठीने पट्टीवर खालून वर टकटक करत जा. माझ्या वडिलांनी मला रंधा हातात देण्याआधी हे शिकवलं होतं. कुजलेला भाग भद्द बोलतो, जिथून टणक आवाज सुरू होतो तिथे पेन्सिलीची खूण करा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा असेल तर भुंगा. सागाच्या गाभ्याला दोन्ही सहसा लागत नाहीत, कडेच्या फिकट कच्च्या लाकडाला लागतात.

माझा अनुभव असा की अशा पट्टीचा खालचा फूट-दीड फूटच गेलेला असतो. तेवढाच कापा. खुणेच्या वर, निरोगी लाकडात तीन-चार इंच जाऊन तिरका छेद घ्या आणि त्याच घडणीचा तुकडा इपॉक्सी गोंदाने जोडा. सरळ आडवा जोड रंगाखालीही रेघ दाखवतो, तिरका लपतो.

तो तुकडा जुन्या सागाचाच घ्या. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या भागात उतरवलेल्या वाड्यांचं लाकूड मिळतं. घेताना त्यावरून लोहचुंबक फिरवा, कारण आत राहिलेला एक खिळा मशीनचं पातं खराब करतो. घडण जुळवायला जुन्या पट्टीचा छेद पुठ्ठ्यावर गिरवून सुताराला द्या. तुमची पट्टी इंच आणि सुताच्या मापात घडवलेली आहे, आठ सुतांचा एक इंच. तयार पट्ट्या मिलिमीटरच्या मापात येतात. दोन सुतांचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, पण जुन्या पट्टीशेजारी रोज डोळ्याला खुपतो.

पट्टी उपटू देऊ नका. भिंत आणि पट्टी यांच्यामधला रंग आधी ब्लेडने कापायचा, मग रंगारी लांबी (पुट्टी) भरायला वापरतो ती पातळ पत्ती आत सरकवायची, मग रुंद पटाशी. खिळे पट्टीच्या मागच्या बाजूने पकडीने ओढून काढायचे. पुढून ठोकले तर नक्षी तडकते. प्रत्येक तुकड्यामागे दाराचा आणि बाजूचा नंबर लिहा. जुन्या चौकटी गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात, दर कोपरा वेगळा असतो. उजवीची पट्टी डावीकडे बसत नाही.

मुलीचं लिहिलंत ते बरं केलंत, कारण सगळ्यात जास्त काळजी मला रंगाची वाटते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारांवरच्या जुन्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला. कोरडं घासू नका, मशीनने तर नाहीच, आणि ज्योतीने जाळूही नका. पेंट रिमूव्हर लावून, ओलं ठेवून खरवडा. निघालेला चोथा पिशवीत बांधा, खोली ओल्या फडक्याने पुसा आणि ते दिवस मुलीला आजोळी पाठवा. कॉस्टिक सोडा वापरू देऊ नका, साग काळा पडतो. जिथे रंग घट्ट आहे, पापुद्रे सुटत नाहीत, तिथे तो काढायचीच गरज नाही. वरून नवा हात द्या.

एमडीएफ तळमजल्यावर नकोच. ओल लागली की ते फुगतं आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. न्हाणीघराच्या दाराला डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण) चालेल, तिथे मी आग्रह धरणार नाही. फोटोंच्या पट्टीला मात्र काहीही झालेलं नसताना हात लावू नका. पूर्वी अशा पट्टीवर घरातली गेलेली माणसं एका ओळीत, थोडी पुढे झुकून खाली बघत असायची. तिच्यामागे गिलाव्यात लाकडी गुटके बसवलेले असतात. एकदा ती उपटली की चुन्याच्या भिंतीत तसा नवा खिळा धरत नाही.

प्रश्न : कसबा पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला जातोय. देवघराची सागवानी चौकट नव्या फ्लॅटमध्ये नेता येईल का?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : येईल, पण करारात लिहून घ्या, आत्ताच. पाडकामाचं लाकूड कोणाचं यावर नंतर वाद होतात. फ्लॅटच्या मुख्य दाराला ती बहुधा बुटकी पडेल, देवघरालाच लावा. उतरवताना करवत लावू देऊ नका. कोपऱ्यातल्या कुसवांत, म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या जोडांत, लाकडी खुंट्या मारलेल्या असतील. त्या मागून ठोकून काढल्या की चौकट सुटी होते आणि नव्या घरी त्याच खुंट्यांवर पुन्हा उभी राहते.