वर्गातील भांडणे आणि बाईंचा निवाडा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग आणि फळ्याकडे वळावे तोच ‘बाई, ह्याने माझे खोडरबर घेतले’, ‘बाई, ती मला चिडवते’ अशी मागून लागणारी रांग, हे सारे वाचून मला नवल वाटले नाही. या तक्रारींचा निवाडा दोन्ही मुलांचे समाधान होईल असा कसा करावा, असे तू विचारले आहेस. माझे म्हणणे असे की, निवाडा करण्याचे कामच तू हळूहळू सोडून द्यावेस. बाईंनी दिलेल्या निकालातून मूल एवढेच शिकते की आधी बाईंपर्यंत पोहोचायचे आणि आपली बाजू दुसऱ्यापेक्षा मोठ्या आवाजात मांडायची. ज्याच्या विरुद्ध निकाल जातो, ते मूल शाळा सुटल्यावर वाटेत आपला हिशेब चुकता करते आणि दुसऱ्या दिवशी तुझ्यापुढे नवी तक्रार येते. भांडण सोडवणे हे लेखन-वाचनासारखे शिकवण्याचे कौशल्य आहे. ते भांडणाच्या क्षणी शिकवता येत नाही, त्याची तयारी शांत वेळी करावी लागते.

सहा-सात वर्षांच्या मुलाला भांडण कसे दिसते, ते आधी पाहू. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एका मुलाने जेवायला येताना दार ढकलले आणि दारामागे ठेवलेले पंधरा कप नकळत फुटले. दुसऱ्याने आई घरात नसताना फडताळातला मुरांबा चोरून काढताना एक कप फोडला. अधिक वाईट कोण, असे विचारल्यावर लहान मुलांपैकी अनेकांनी पंधरा कप फोडणाऱ्याकडे बोट दाखवले. तुझ्या वर्गात चित्रावर पाणी सांडले की जो आकांत होतो, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे: माझे नुकसान मोठे, म्हणून तुझा गुन्हा मोठा. पुढच्या संशोधकांनी मात्र दाखवले की, करणाऱ्याचा हेतू सोप्या शब्दांत समोर ठेवला तर याहून लहान मुलेही तो लक्षात घेतात. तेव्हा ‘मुद्दाम केलेस का?’ असे दरडावून विचारण्यापेक्षा घडलेले क्रमाने सांगायला लावावे. बाटलीचे झाकण सैल होते, मागच्याचा धक्का लागला, मग पाणी सांडले. एवढे उलगडले की निम्मी भांडणे तिथेच ओसरतात.

क्रमाने सांगण्यासाठी मुलाजवळ तसे शब्द हवेत. १९७०च्या दशकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात जॉर्ज स्पिव्हॅक आणि मर्ना शुअर या मानसशास्त्रज्ञांनी गरीब वस्त्यांतील बालवाडीच्या वयाच्या मुलांबरोबर काम केले. ज्या मुलांना एका अडचणीवर अनेक उपाय सुचतात आणि त्या उपायांचे परिणाम आधी दिसतात, ती मुले कमी उतावळी असतात, असे त्यांना आढळले होते. म्हणून त्यांनी मुलांना चांगल्या वागणुकीवर प्रवचने दिली नाहीत. आधी-नंतर, सारखे-वेगळे, आहे-नाही, जर-तर, कारण, कदाचित अशा साध्या शब्दांचे खेळ त्यांनी घेतले आणि तेच शब्द पुढे भांडणाच्या वेळी वापरले. मला या पद्धतीचे मोल फार वाटते, कारण तिला साहित्य लागत नाही, निधी लागत नाही आणि परिपत्रकाची वाटही पाहावी लागत नाही.

तुझ्या वर्गात हे सहज बसेल. परिपाठानंतर दहा मिनिटे घे. ‘मी आधी चप्पल काढली, नंतर वर्गात आले, तू आधी काय केलेस?’ असे विचार. ‘रोहिणीला चिंच आवडते, तुलाही चिंच आवडते, म्हणजे दोघींची आवड सारखी की वेगळी?’ असे विचार. चेहरा पाडून दाखव आणि ‘मला आत्ता कसे वाटत असेल?’ असे विचारल्यावर एकच उत्तर घेऊन थांबू नकोस. ‘कदाचित राग आला असेल, कदाचित पोट दुखत असेल’ येथपर्यंत मुलांना जाऊ दे. ज्या मुलाने ‘कदाचित’ हा शब्द खेळात आपलासा केला आहे, त्याला उद्या ‘त्याने धक्का मारला’ या वाक्याशेजारी ‘कदाचित त्याला मी दिसलो नसेन’ हे वाक्य ठेवता येते.

मग खरे भांडण येते, तेव्हा तुझे काम विचारण्याचे. समज, दोन मुलींमध्ये उडीच्या दोरीवरून ओढाताण चालली आहे. दोघींच्या उंचीइतकी खाली बस. काय झाले, असे दोघींना पाळीपाळीने विचार आणि एकीचे बोलणे पुरे होईपर्यंत दुसरीला थांबव. त्यानंतर पहिली काय म्हणाली ते दुसरीला सांगायला लाव. हा टप्पा घाईत गाळला जातो आणि तो गाळला तर बाकीचे सारे वाया जाते. मग विचार: आता काय करता येईल? एखादी म्हणेल, ‘दोरी कापून अर्धी-अर्धी घेऊ.’ हसू आवर आणि विचार: ‘मग काय होईल?’ ती विचार करून सांगेल की मग उडीच मारता येणार नाही. ‘आणखी काय करता येईल?’ दहा उड्यांनंतर पाळी, दोघींनी धरून तिसरीला बोलावणे, आज तू आणि उद्या मी, असे काही ना काही निघते. त्यातला एखादा उपाय तुला आधीपासून ठाऊक असतो आणि तो ओठांवर येतो, पण तो सांगू नकोस. त्यांनी निवडलेला उपाय तुझ्या मते कच्चा असला तरी तो वापरून पाहू दे. फसला तर त्या परत येतील आणि ‘मग काय होईल?’ या प्रश्नाला त्या वेळी अधिक अर्थ असेल. त्यांना उपाय सुचला म्हणून टाळ्या वाजवायची घाईही करू नकोस, नाहीतर त्या पुढच्या वेळी तुला आवडेल ते उत्तर शोधतील.

मूल रागाने थरथरत असेल, तर यातले काहीही त्या क्षणी चालणार नाही. त्याला माठाजवळ घेऊन जा, पाणी पिऊ दे, बघ्यांची गर्दी पांगव आणि श्वास संथ झाल्यावरच बोलायला बस. थांबण्याची खूण मुलांना नवी शिकवायला नको. खेळात दम लागला की मूठ ओठांशी नेऊन ‘टॅम्प्लीज’ म्हणायचे आणि त्या मुलाला तेवढ्या वेळात कोणी आऊट करायचे नाही, हा कायदा ती पाळतातच. तोच वर्गात आणावा: भांडणात कोणीही टॅम्प्लीज म्हटले की दोघांनी हात खाली घ्यायचे. मुलांच्या खेळात असे पुष्कळ कायदे आहेत. राज्य कोणावर यावे ते गाणे म्हणून सुटून ठरवतात, हरलेल्याला डाव देतात, आणि कट्टी घेतली तरी गट्टी करण्याची रीतही ठरलेली असते. मोठी माणसे ग्रामपंचायतीच्या बैठकीत जेवढे नियम पाळतात, त्यापेक्षा जास्त नियम लपंडावात पाळले जातात, असे माझे मत झाले आहे. म्हणून कट्टी झालेली दिसली की लगेच मध्ये पडू नकोस. बहुतेक वेळा खिचडीची घंटा होण्याआधी ती सुटलेली असते.

‘सॉरी म्हण’ आणि ‘शेकहँड करा’ ही आपल्या शाळांतील सवय मला खटकते. जबरदस्तीने म्हटलेल्या सॉरीने बाईंची सुटका होते, दुखावलेल्या मुलाच्या पदरात काही पडत नाही. त्याऐवजी झालेले नुकसान भरून काढायला सांग. वही फाटली असेल तर दोघांनी मिळून खळ लावून ती चिकटवावी, बांधलेले घर मोडले असेल तर ठोकळे गोळा करून द्यावेत. हाताने काही केले की शब्द पुष्कळदा आपोआप येतात.

आता एक महत्त्वाचा अपवाद सांगतो आणि त्यावर तू नीट विचार करावास. वर सांगितलेली रीत बरोबरीच्या मुलांसाठी आहे. नॉर्वेमध्ये १९८३ साली शाळांतील छळाविरुद्ध देशव्यापी मोहीम झाली, तिच्या कामात अग्रभागी असलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्व्हेउस यांनी छळाची ओळख तीन गोष्टींवरून करून दिली: त्रास हेतुपुरस्सर असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. जिथे बळ सारखे नाही, तिथे दोघांना समोरासमोर बसवून ‘तुम्हीच तोडगा काढा’ म्हणणे म्हणजे दुबळ्या मुलाला पुन्हा त्याच हातात देणे होय. तिथे तू मोठी म्हणून उभी राहा, त्रास थांबव, दोघांशी वेगवेगळे बोल आणि मुख्याध्यापकांना व पालकांना कळव. भांडणात कोणी जातीचे नाव घेऊन हिणवले, रंगावरून किंवा अपंगत्वावरून टोचले, तर त्यालाही दोन बाजू नसतात. ‘दोघांचेही चुकले’ हे वाक्य अशा वेळी चुकूनही उच्चारू नकोस.

बळ म्हणजे केवळ अंगातली ताकद नव्हे. तुझ्या शाळेत तांड्यावरची मुले येतात, असे तू लिहिले आहेस. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणारे सहा वर्षांचे मूल मराठीत आपली बाजू मांडू लागले की अडखळते, आणि गावातले बोलघेवडे मूल तेवढ्यात सगळी हकिकत सांगून मोकळे होते. ऐकणाऱ्याला सलग बोलणारा खरा वाटतो. हा दोष शिक्षकांत सर्रास आढळतो. अशा मुलाला त्याच्या बोलीत सांगू दे, तिसरी-चौथीतल्या त्याच्या बहिणीला अर्थ सांगायला बोलाव, चित्र काढून दाखवू दे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले हंगाम संपल्यावर परततात, तेव्हाही असेच होते: बस्कर दुसऱ्याने घेतलेले असते, खेळाचे गट जमलेले असतात आणि पहिल्या आठवड्यातील प्रत्येक भांडणात तेच मूल उपरे ठरते. त्याची जागा आणि जोडीदार ते येण्याआधीच ठरवून ठेव.

वस्तूंच्या टंचाईमुळे होणारी भांडणे मात्र शिकवणीने कमी होणार नाहीत, ती मांडणीने कमी होतील. मारिया माँटेसरी १९३९ ते १९४६ या काळात भारतात होत्या आणि त्यांनी येथील शेकडो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. त्यांच्या वर्गात प्रत्येक साधन मुद्दाम एकेकच ठेवले जाई, म्हणजे मुलांना थांबावेच लागे. पण त्याला एक घट्ट नियम जोडलेला होता: साधन मांडणीवरून घ्यायचे आणि मांडणीवरच परत ठेवायचे, दुसऱ्याच्या हातातून घ्यायचे नाही. तुझ्याकडची टंचाई मुद्दाम केलेली नाही, तरी हा नियम तुलाही वापरता येईल. हात धुण्याच्या नळाशी आणि खिचडीच्या रांगेत कोण पुढे, हे रोज नव्याने ठरत असेल तर तिथे रोज नव्याने भांडण होणार. वारानुसार ठरलेली रांग भिंतीवर चित्राने लावून टाक.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ मधील कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, हे तू परीक्षेसाठी पाठ केलेच असशील. भांडणाच्या संदर्भात त्याचा अर्थ असा की, अंगठे धरायला लावून शांतता शिकवता येत नाही. ज्याचे बळ जास्त त्याचे चालते, हाच धडा त्यातून मुलांना मिळतो. पालक मात्र तुला सांगतील की, ‘त्याने एक मारली तर तू दोन मार, असे आम्हीच पोराला सांगितले आहे.’ त्यांच्याशी वाद घालू नकोस. आपले मूल मार खाऊन येईल ही त्यांची भीती खरी आहे. शाळेत मारणे थांबवायला मोठे माणूस हजर असते, म्हणून शाळेचा नियम वेगळा आहे, एवढेच सांग आणि मुलाने स्वतः सोडवलेले एखादे भांडण पालक सभेत त्यांच्या कानावर घाल.

सुरुवातीला तक्रारी वाढल्यासारख्या वाटतील, कारण पूर्वी हाणामारीत संपणारी प्रकरणेही आता तुझ्यापर्यंत येतील. सोमवारपासून ‘आधी-नंतर’ने आरंभ कर, आणि त्याच्या बरोबरीने एका वहीत दोन आठवडे प्रत्येक भांडणाची जागा, वेळ आणि कारण एका ओळीत टिपून ठेव, मुलांची नावे लिहू नकोस, नाहीतर वही गुन्हेगारांची नोंदवही होईल. ती वही पुढच्या पत्रासोबत पाठव. नळ, मैदान आणि बस्कर यांपैकी कोणती जागा सर्वांत जास्त वेळा आली आहे, ते पाहून आपण मांडणीत आधी काय बदलायचे ते ठरवू.

तुझा शुभचिंतक,
एक निवृत्त केंद्रप्रमुख