करप्यावर ‘सेप्टिन मारणारं औषध’ आलंय म्हणे, मारू का?

प्रश्न, आजरा तालुक्यातून : साहेब, घनसाळ भात दीड एकर हाय, पानावर करप्याचे ठिपके दिसाय लागलेत. मोबाईलवर वाचलं की ही बुरशी सेप्टिन नावाच्या प्रोटीनमुळं पानात घुसते. दुकानदार म्हणतोय सेप्टिन मारणारं नवीन औषध आलंय, आणि ते महाग वाटत असंल तर लावणीवेळचं उरलेलं तणनाशक मारा, तेबी चालतंय. मारू का?

आणि फवारणीच्या पंपाला अनुदान कुठं मिळतंय, तेबी सांगा.

उत्तर : तणनाशक उभ्या भातावर मारू नका. पहिलं ती बाटली कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा.

सेप्टिनचं जे वाचलंय ते खरं आहे. करप्याचा बीजाणू ओल्या पानावर चिकटतो, कोंब काढतो, आणि कोंबाच्या टोकाला चार-सहा तासात घुमटासारखी एक पेशी तयार होते. चुंबळीवर घागर ठेवल्यागत समजा. घागरीची भिंत मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यानं काळी होते, आत ग्लिसरॉल साठतं, ते पाणी ओढतं आणि दाब चढतो ८ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे मोटारीच्या टायरच्या ४० पट. तळाला एक भोक असतं, तिथनं बुरशीचं टोक खिळ्यागत निघून पानात शिरायचं, त्याला खिळाच म्हणू. पण नुसत्या दाबानं भागत न्हाई, तो एका जागी लागला पाहिजे, आणि हे काम चुंबळीचं. चार प्रकारची सेप्टिन प्रोटीनं एकमेकात गुंफून भोकाभोवती कडं करतात. ते कडं एका अंगानं पेशीच्या पातळ आवरणाला चिकटलेलं, दुसऱ्या अंगानं ॲक्टिनचे धागे, म्हणजे पेशीचा सांगाडा, धरून ठेवतं. २०१२ साली इंग्लंडात एक्झेटर विद्यापीठाच्या निक टॅल्बट यांच्या गटानं दाखवलं की चारातलं एक सेप्टिन जरी काढलं तरी कडं नीट बसत न्हाई, ॲक्टिन विस्कटतं, घागर तशीच राहते आणि पान वाचतं.

आता दुकानदाराची गोम इथं आहे. सेप्टिनला आवरणावर बसायला लांब साखळीची चरबी लागते, ती चरबी बनणं थांबवलं की कडं मोडतं, हे २०२० साली पुढं आलं. आणि तसली चरबी थांबवणारी काही तणनाशकं असतात, आपलं ब्युटाक्लोर, प्रेटिलाक्लोर त्याच भावकीतलं. कुणीतरी हे अर्धं ऐकलं आणि दुकानात सांगत सुटला. ओ, ती औषधं लावणीनंतर पहिल्या तीन-पाच दिवसात चिखलात टाकायची, तण उगवायच्या आधी. पोटरीतल्या, म्हणजे लोंबी पोटात धरलेल्या, भातावर फवारायची न्हाईत, तशी शिफारस कुठंच न्हाई. राहिलं ते ‘नवीन औषध’. सेप्टिन माणसाच्या अंगातबी आहे, १३ जीन आहेत त्याचे, त्यामुळं असलं औषध काढायचं म्हणजे खायचं काम न्हाई. बाटलीवर नोंदणी क्रमांक, भात आणि करपा हे तिन्ही छापलेलं दाखव म्हणा. न दाखवता बिल फाडत असंल तर उठून या.

मारायचं काय? ट्रायसायक्लाझोल ७५ टक्के, १० लिटरला ६ ग्रॅम. सहा! टोपणानं मोजू नका. गेल्या वर्षी एका पावण्यानं माझ्यासमोर १५ लिटरच्या पंपात दोन टोपणं पावडर, वर युरियाची मूठ, वर टॉनिक ओतलं, तळाला दह्यासारखा साका बसला आणि नोझल दर दोन वाफ्याला तुंबत होतं. हे औषध काय करतं तर मेलॅनिन बनू देत न्हाई, मग घागर गळते आणि दाब धरत न्हाई. म्हणजे खिळा आत जायच्या आधीच उपयोग. ठिपका दिसला तिथं बुरशी काही दिवस आधीच घुसली, तो ठिपका दुप्पट डोसनं पुसणार न्हाई. तुम्ही वाचवताय ते पुढचं पान आणि लोंबीची मान. म्हणून एक फवारणी आत्ता, दुसरी लोंब्या निसवताना, पाऊस उघडला की, आणि काढणीच्या ३० दिवस आधी बंद. दुप्पट डोस मारला तर तांदळात राहतं, युरोपात ह्याची मर्यादा ०.०१ पीपीएम, म्हणजे किलोत ०.०१ मिलिग्रॅम, आहे, आणि घनसाळला भौगोलिक मानांकन मिळालंय हे विसरू नका. परत सांगतो, ६ ग्रॅम.

आणि युरिया थांबवा. करप्यात वरनं युरिया म्हणजे बुरशीला पंगत, त्यात घनसाळ उंच, लोळणार. दुकानदार ‘काळोखी येईल’, म्हणजे पान गर्द हिरवं होईल, म्हणंल, येईल की, करप्यालाच पाहिजे ती.

पुढच्या वर्षी भाताला चारसूत्री पद्धत करा, मी दरवेळी हेच सांगतो आणि सांगत राहणार. तरव्याच्या, म्हणजे रोपांच्या, गादीवर तुसाची काळी राख, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. त्यातली सिलिका पानाच्या सालीत बसते, पान करकरीत होतं, खिळ्याला जड जातं. गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवा, लावण दोरीवर नियंत्रित, आणि लावणीदिवशीच चार चुडांच्या मधी एक युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबलेली गोळी, खोल खुपसा, मग वरनं युरिया फेकायची गरजच पडत न्हाई.

पंपाचं अनुदान विचारलं होतं : महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, फार्मर आयडी म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक पाहिजेच, बाकी कृषी सहायकाला (आता सहायक कृषी अधिकारी म्हणतात) विचारा.

एवढ्यात मान काळी पडून लोंबी पांढरी झाली असंल तर तेवढ्या लोंब्यांवर औषध वाया घालवू नका. भात भरडल्यावर गिरणीतनं तूस मात्र पोत्यात भरून आणा, तरव्याला लागंल.